ई-बीएल सेवा घ्यावी का? कोल्हापूरच्या एक्स्पोर्ट टेबलावरून

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. आमचं कास्टिंग न्हावा शेवाहून इंग्लंडला जातं, बहुतेक वेळा फेलिक्स्टोला. तिथल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं की यापुढे ओरिजिनल बी/एल (बिल ऑफ लेडिंग, मालाच्या हक्काचा कागद) कुरिअरने पाठवू नका, अमुक ई-बीएल (इलेक्ट्रॉनिक बी/एल) सेवेवर खातं उघडा आणि तिथूनच ट्रान्सफर करा. सेवेचं नाव मी लिहीत नाही, कारण खाली जे सांगणार आहे ते या धर्तीच्या कुठल्याही सेवेला लावून बघता येईल. निष्कर्ष आधीच सांगते: सेवा कामाची आहे, पाचपैकी साडेतीन. पण घेण्याआधी विक्रेत्याचा डेमो बघून भागणार नाही. ब्रिटिश संसदेतल्या एका समितीचं कामकाज वाचा. मी वाचलं, आणि खरे प्रश्न मला तिथे मिळाले.

ज्यांचा या कागदाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माल जहाजावर चढला की शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंग देते, सहसा तीन ओरिजिनल. ‘टू ऑर्डर’ बी/एल असेल तर ज्याच्या हातात एंडोर्स केलेला (मागे सही करून पुढे सोपवलेला) ओरिजिनल, त्याचा माल. आम्ही सेट बँकेत देतो, आमची बँक गिऱ्हाइकाच्या बँकेला पाठवते, तिकडे पैसे भरले की कागद सुटतात. यात एक सही राहिली, इन्व्हॉइसवरचं वजन पॅकिंग लिस्टशी जुळलं नाही, कुरिअर कुठे अडकलं, की कंटेनर पोर्टवर उभा आणि डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचा दंड) चालू. दुबईच्या जेबेल अलीसारख्या जवळच्या पोर्टला तर माल आधी पोचतो आणि कागद मागून येतात. मग बँक गॅरंटी, इंडेम्निटी, विनवण्या. हे ज्यांनी केलंय त्यांना स्क्रीनवरून बी/एल सोपवता येणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागणार नाही.

अडचण तंत्रज्ञानाची कधी नव्हतीच. इंग्लिश कायद्यात ‘ताबा’ फक्त हातात धरता येणाऱ्या वस्तूचाच असू शकत होता. 2007 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय होतं) ओबीजी विरुद्ध ॲलन या खटल्यात तेच पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे संगणकावरच्या बी/एलचा ताबा कुणाकडेच नाही, आणि ताबा नाही म्हणजे हक्कही नाही. त्या काळातल्या सेवांनी यावर करारातून वाट काढली होती: सगळ्या सभासदांनी एकाच नियमपुस्तकावर सह्या करायच्या, आणि त्या कुंपणाच्या आतच व्यवहार चालायचा. बाहेरची बँक आली की सगळं अडायचं.

2022 च्या मार्चमध्ये तिथल्या लॉ कमिशनने (कायद्यात सुधारणा सुचवणारी संस्था) यावर अहवाल दिला, ऑक्टोबरमध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रेड डॉक्युमेंट्सचं विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आलं आणि तिथून स्पेशल पब्लिक बिल कमिटीकडे गेलं. माजी लॉर्ड चीफ जस्टिस लॉर्ड थॉमस ऑफ कुमगीड अध्यक्ष होते. अशा समितीचं वैशिष्ट्य म्हणजे एकेक कलम हातात घेण्याआधी ती साक्षी घेते, तोंडी आणि लेखी. विधेयक मोजक्या पानांचं. तरीही ज्यांना उद्या हे वापरावं लागणार त्यांना बोलावून विचारलं गेलं. साक्षींची कागदपत्रं संसदेच्या साइटवर फुकट आहेत, प्रत्येक प्रश्नाला क्रमांक दिलेला. भाषा कायद्याची असली तरी प्रश्न आमच्याच टेबलावरचे आहेत. माझ्यासारख्या कारकुनी कामातल्या माणसाला इतकं नीट, इतकं उघड वाचायला मिळावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. 20 जुलै 2023 ला कायदा मंजूर झाला आणि 20 सप्टेंबरपासून लागू झाला.

कायदा कुठल्याही कंपनीला परवाना देत नाही. तो एवढंच म्हणतो की सिस्टीम ‘भरवशाची’ असली पाहिजे, आणि तिने काय काय करून दाखवलं पाहिजे ते कलम 2 सांगतं. मूळ दस्तऐवज त्याच्या प्रतींपासून वेगळा ओळखता आला पाहिजे. परवानगीशिवाय बदल होता कामा नये. एका वेळी एकाच्याच हाती नियंत्रण. ज्याच्या हाती आहे त्याला ते सिद्ध करून दाखवता आलं पाहिजे. आणि दुसऱ्याला दिलं की पहिल्याच्या हातून ते पूर्ण गेलं पाहिजे.

आम्ही ट्रायल खात्यावर हेच तपासून बघितलं. एका लॅपटॉपवर मी, शेजारच्या लॅपटॉपवर आमचे अकाउंट्सचे पाटीलसाहेब, दोघं एकाच कंपनीच्या नावाने आत. मी नमुन्याचा बी/एल गिऱ्हाइकाच्या चाचणी खात्याला एंडोर्स करून ट्रान्सफर दाबलं. माझ्या पडद्यावरची ‘एंडोर्स’, ‘ट्रान्सफर’ आणि ‘सरेंडर’ ही तिन्ही बटणं लगेच करडी पडली. पाटीलसाहेबांच्या पडद्यावर मात्र ती पान रिफ्रेश करेपर्यंत निळीच होती. त्यांना म्हटलं, दाबून बघा. त्यांनी दाबलं, तर सर्व्हरने नकार दिला आणि नव्या धारकाचं नाव दाखवलं. म्हणजे आतली यंत्रणा ठीक आहे, दाखवण्यात ढिलाई आहे. ही ढिलाई मला चालत नाही. पडद्यावर हक्क दिसतो आणि प्रत्यक्षात तो नसतो, अशी वेळ बँकेच्या माणसासमोर आली तर पुन्हा विश्वास बसवणं कठीण. सपोर्टला स्क्रीनशॉट पाठवले, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती झाली. त्यांना याचे गुण दिलेच पाहिजेत.

एकाच कंपनीचे दोन लोक आत असले तर ‘एकाच्याच हाती’ ही अट मोडते का, अशी शंका पाटीलसाहेबांनी काढली होती. मोडत नाही. एकत्र वागणाऱ्यांना कायदा एकच व्यक्ती धरतो. नुसतं वाचता येणं म्हणजे दस्तऐवज वापरणं नव्हे, हेही त्यात लिहिलंय. त्यामुळे सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) आणि गिऱ्हाइकाच्या गोदामाला बघण्यापुरता प्रवेश द्यायला हरकत नाही. आम्ही दिला, आणि ‘ड्राफ्ट बी/एल पाठवा’ म्हणून येणारे फोन थांबले. पीडीएफ उतरवला तर प्रत्येक पानावर आडवं ‘कॉपी, नॉन-निगोशिएबल’ येतं. चांगलं केलंय.

आता जिथे गुण कापले ते. भरवसा ठरवताना काय काय बघता येईल याची यादी कायद्यात आहे, आणि स्वतंत्र संस्थेकडून ऑडिट होतं का, किती वेळा होतं, हे त्यात स्पष्ट आहे. मी विक्रेत्याला ऑडिटचा अहवाल मागितला. आधी रंगीत माहितीपत्रक आलं. पुन्हा मागितल्यावर एक पानी प्रमाणपत्र आलं. अहवाल आलाच नाही. कंपनी बंद पडली तर समुद्रावर असलेल्या मालाच्या बी/एलचं काय, याचं उत्तर नियमपुस्तकाच्या शेवटच्या परिशिष्टात सापडलं. ते पहिल्या पानावर असायला हवं. पी अँड आय क्लबांच्या (जहाजमालकांच्या विमा संघटनांच्या) इंटरनॅशनल ग्रुपने सिस्टीमला मान्यता दिली आहे का, हाही प्रश्न नक्की विचारा. 2010 पासून ते मान्यता दिलेल्या सिस्टीमवरच्या बी/एलची जोखीम धरतात. या सेवेला ती आहे, म्हणूनच शिपिंग लाइनने काही खळखळ केली नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कागदावर परतण्याने. एका शिपमेंटच्या वेळी जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून निघालं होतं, गिऱ्हाइकाने बँक बदलली आणि नव्या बँकेला कागदच हवा होता. कायद्याचं कलम 4 याला वाट देतं: इलेक्ट्रॉनिकचं कागदात रूपांतर करता येतं, मात्र रूपांतर झाल्याचं त्या दस्तऐवजात लिहिलेलं असलं पाहिजे, आणि मग जुनं रूप निकामी होतं. सेवेत त्यासाठी बटण आहे. छपाई मात्र लाइनच्या एजंटच्या मुंबईतल्या ऑफिसात होते, आणि तिचा चार्ज दरपत्रकात कुठेही नव्हता. नवा कागद हातात आला तेव्हा खाली ते विधान नीट छापलेलं होतं, बँकेने तक्रार केली नाही. पण चार्ज आधी सांगायला काय जातं?

आणि आपल्याकडचं. भारताने 1856 चा बिल्स ऑफ लेडिंग कायदा 2025 मध्ये बदलला. लोकसभेत मार्चमध्ये, राज्यसभेत जुलैमध्ये मंजूर झाला. इतक्या वर्षांनी हात घातला, भाषा सुटसुटीत केली, हे चांगलंच. पण त्यात इलेक्ट्रॉनिक बी/एलचा उल्लेख नाही, आणि विधेयक स्थायी समितीकडे गेलंच नाही. आपल्याकडे 24 विभागीय स्थायी समित्या आहेत, सार्वजनिक उपक्रमांची झडती घेणारी वेगळी समिती आहे, त्यांचे अहवाल वाचनीय असतात. या विधेयकावर कोल्हापूर, इचलकरंजी, तिरुपूरच्या एक्स्पोर्टरला, सीएचएला, बँकेच्या ट्रेड डेस्कवरच्या बाईला बोलावलं असतं, तर एकानेही ही उणीव सांगितल्याशिवाय खुर्ची सोडली नसती. मला याचा मनापासून राग आहे. 2021 मध्ये सिंगापूरने हे करून टाकलं, आणि आपला माल रोज त्याच बंदरातून जातो.

परिणाम असा की बी/एलवर इंग्लिश कायदा लागू असला तरी इकडची बँक तो ओरिजिनल म्हणून घ्यायला कचरते. देशादेशांत कुठला कायदा लागायचा, हा प्रश्न ब्रिटिश कायद्यानेही सोडवलेला नाही. तिथलं लॉ कमिशन त्यावर वेगळं काम करतंय. आमच्या शाखेतल्या अधिकारी मॅडमनी समजून घेतलं, वरिष्ठांना विचारलं आणि शेवटी रेकॉर्डला कॉपी घेतली. हक्काचं ट्रान्सफर बँकेबाहेर, थेट आमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये.

म्हणून ज्यांचं गिऱ्हाइक जुनं आहे, पैसे थेट खात्यात येतात आणि माल इंग्लंडला किंवा सिंगापूरला जातो, त्यांनी ही सेवा बिनधास्त घ्यावी. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की ट्रान्सफर दाबायचं, बास. एलसीवर (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर) व्यवहार असेल तर आधी एलसीत ईयूसीपी (इलेक्ट्रॉनिक कागदांसाठीचे एलसीचे नियम) लागू असल्याचं लिहून घ्या आणि इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज कुठे, कुठल्या स्वरूपात सादर करायचे तेही त्यातच नमूद करून घ्या. बँक तयार नसेल तर तेवढी शिपमेंट कागदावरच करा. वार्षिक प्लॅन घेऊ नका, दर बी/एलमागे पैसे द्यायचा पर्याय आहे, तो दरपत्रकात खाली बारीक अक्षरात आहे. आणि रूपांतराचा चार्ज ईमेलवर लिहून मागा.