रेणुभार सारखा, उत्कलनबिंदू वेगळा: इथर, टीएचएफ, ब्यूटेनॉल की डीएमएफ?

डायइथाइल इथर आणि एन-ब्यूटेनॉल यांचं रेणुसूत्र एकच, रेणुभार 74. तरी इथर 34.6 अंश सेल्सिअसला उकळतं आणि ब्यूटेनॉल 117.7 ला. त्यामुळे द्रावक निवडताना रेणू एकमेकांना कशानं धरून ठेवतात, ते आधी बघावं.

इथर. ऑक्सिजन आहे, पण त्याला चिकटलेला हायड्रोजन नाही. त्यामुळे आपसात हायड्रोजन बंध होत नाहीत आणि उत्कलनबिंदू पेंटेनच्या (36.1) शेजारी जातो. उष्णतेनं बिघडणारं उत्पादन काढायचं असेल तर हेच घ्या. जवळजवळ व्हॅक्यूमशिवाय उडून जातं. मात्र विदर्भातल्या मे महिन्यात ते बाटलीतच उकळायच्या बेतात असतं. सेपरेटिंग फनेल एकदोनदा हलवला की उलटा धरून कॉक उघडायचा, नाहीतर बूच उडतं. जुन्या बाटलीत पेरॉक्साइड (हवेमुळे साचणारं स्फोटक संयुग) तपासल्याशिवाय ऊर्ध्वपातन करू नये.

टीएचएफ, म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान (66 अंश). रेणुभार 72. कार्बन वलयात मागे ओढलेले, म्हणून ऑक्सिजन उघडा पडतो आणि ध्रुवीयताही इथरपेक्षा जास्त. अराइल क्लोराइडचं (क्लोरीन थेट बेंझिनसारख्या वलयावर) ग्रिन्यार, म्हणजे मॅग्नेशियमशी होणारी अभिक्रिया, इथरच्या 35 अंशांत सहसा सुरूच होत नाही, टीएचएफच्या रिफ्लक्समध्ये (वाफ थंड करून परत पाडत उकळताना) होते. पण टीएचएफ पाण्यात पूर्ण मिसळतं, लेयर सुटत नाहीत. काम झाल्यावर आधी टीएचएफ रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली फ्लास्क फिरवत द्रावक उडवणारं यंत्र) काढा, मग इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाणी घाला. पेरॉक्साइडची भीती इथेही तेवढीच.

एन-ब्यूटेनॉल. हायड्रोजन बंधांमुळे उत्कलनबिंदू चढला खरा, पण पाण्यातली विद्राव्यता इथरएवढीच, 100 मिलीत साधारण 7 ग्रॅम. कारण इथर आपसात बंध करू शकत नसलं तरी पाण्याकडून हायड्रोजन घेऊ शकतं. सॅपोनिनसारखे (वनस्पतींतले साबणासारखे) ध्रुवीय पदार्थ पाण्यातून ओढायला ब्यूटेनॉलच लागतं. ब्यूटेनॉल उडवून काढताना बाथ 60 अंश, दाब सुमारे 25 मिलिबार. तरी रेंगाळलं तर थोडं पाणी घाला, त्यांचा अ‍ॅझिओट्रोप (ठरावीक प्रमाणाचं, एकत्रच उकळणारं मिश्रण) 93 अंशांच्या आसपासच उकळतो. सॅपोनिन फेसाळतात, म्हणून फ्लास्क अर्ध्याहून कमी भरा. टर्शियरी ब्यूटेनॉल हा पर्याय नव्हे: गोलसर रेणू, कोंडलेला ओएच, म्हणून ते 82 अंशांनाच उकळतं आणि 25 अंशांखाली गोठतं.

डीएमएफ, म्हणजे डायमिथाइलफॉर्मामाइड (153 अंश). रेणुभार 73, ओएच नाही, तरी चौघांत सगळ्यात वर! इथे काम करतो तो 3.8 डिबायचा (द्विध्रुव मोजायचं एकक) द्विध्रुव, म्हणजे रेणूतल्या धन-ऋण टोकांची ओढ. क्षार विरघळवून प्रतिस्थापन (एका गटाच्या जागी दुसरा बसवणं) घडवायचं असेल तरच याच्या वाटेला जा, कारण काढणं जिकिरीचं. साध्या दाबाला उकळवलं तर डायमिथाइलअमाइन सुटायला लागतं. त्यापेक्षा दहापट इथाइल अ‍ॅसिटेट घालून पाण्यानं आणि मग 5 टक्के लिथियम क्लोराइडनं दोन-तीनदा धुवा. क्लोरोफॉर्ममधल्या एनएमआरला (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी चाचणी) 8.02, 2.96 आणि 2.88 पीपीएमला डीएमएफची शिखरं दिसली, तर धुणं कमी पडलंय.