चिपेटा आणि पर्सायो: खडक एकच, माती दोन तऱ्हेची

अमेरिकेत पश्चिम कोलोरॅडो आणि पूर्व युटामधे मॅनकॉस शेल नावाचा मऊ खडक आहे, 8-9 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा चिखल दाबून झालेला. ह्या खडकावर चिपेटा आणि पर्सायो अशा दोन माती मिळतात. दोन्ही उथळ, फूट-दीड फूट खणलं की शेल लागतो, पण तो मऊ, कुदळीने निघतो, आपल्याकडे मुरूम लागतो ना साधारण तसंच.

फरक पोताचा. चिपेटा चिकणमातीची, त्यामुळे पाऊस पडला की वरचा थर लगेच बंद होतो आणि पाणी आत जायच्या ऐवजी उतारावरून पळतं, जाताना क्षार घेऊन जातं, आणि हे पाणी शेवटी कोलोरॅडो नदी खारट व्हायला हातभार लावतं म्हणून मला ही माती फार महत्त्वाची वाटते. वर्षाला जेमतेम 200 मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला निम्मा असा गेला तर झाडाला काय उरणार? म्हणून तिथे खारं सोसणारी सॉल्टबुशची बुटकी झुडपंच दिसतात, मधे नुसती उघडी राखाडी जमीन.

पर्सायो त्या मानाने पोयट्याकडे झुकणारी. पाणी थोडं बरं मुरतं, सॉल्टबुशच्या जोडीला गॅलेटा गवतही येतं.

शेती दोन्हीत नको, मुळांना खोलीच नाही. चराईला निवडायचीच तर पर्सायो, तीही जपून. चिपेटावर मात्र गुरं आणि गाड्या दोन्ही नकोत, एकदा तुडवली की सावरायला खूप वर्षं जातात.