जुन्या शिडाच्या बोटीसाठी हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग
कॉकपिटमधील, म्हणजे बोटीवरच्या उघड्या, खोलगट बसण्याच्या जागेतील पाणी बाहेर सोडणारे पाइप तुंबले, की एका जोरदार सरीत बोटीत पाणी साचू लागते. म्हणून प्लंबरकडे असते तशी, हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग (पाइपात सरकवायची लांब, लवचिक तार) मी घेतली आणि तिने पैसे वसूल करून दिले. कुजलेली पाने आणि चिखलात गुंतलेले दोरे तिने सहज ओढून काढले. सीकॉकच्या (बोटीच्या तळाशी, पाइप समुद्रात उघडतो तिथल्या झडपेच्या) तोंडाशी चिकटून बसलेल्या बार्नकल या छोट्या समुद्री जीवांच्या कवचांपुढे मात्र तिचे काही चालत नाही. ही कवचे बोट किनाऱ्यावर घेतल्यावर बाहेरून खरवडूनच काढावी लागतात. स्प्रिंग घालण्याआधी सीकॉक बंद करावाच, कारण जुना, कडक झालेला पाइप आतून फाटला, तर समुद्र थेट बोटीत शिरतो. स्प्रिंगच्या टोकाचा हूक जरा बोथट हवा होता.