टायटॅनियम सांगून तांबं: सांगलीतल्या मरीन टँकची गोष्ट

टायटॅनियमचा म्हणून आमच्या गळ्यात मारलेल्या चिलरची (पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राची) कॉइल तांब्याची निघाली. माशांची खाऱ्या पाण्याची, म्हणजे मरीन टाकी सांभाळणाऱ्याला एवढ्यावरच पुढचं कळेल. ज्यांना टाकी अजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय, कारण हा सेटअपवाला, म्हणजे टाकी आणि यंत्रं बसवून देणारा, सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात अजून कामं घेतोय. तक्रार चालू असल्यानं नाव लिहीत नाही.

टाकी भावाच्या विश्रामबागच्या घरातली. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर ६८० लिटर. गोड्या पाण्यातले मासे आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहेत, पण मरीन पहिल्यांदाच. "दादा, तुम्ही फक्त मासे पसंत करा, मशिनरी माझ्यावर सोडा," असं गोड बोलून त्यानं चिलर, स्किमर, पंप, मीठ, दगड असं सगळं मिळून एकच आकडा सांगितला, दीड लाखाच्या वरचा. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं: 'मरीन फुल सेट, १ नग'. ना कंपनी, ना मॉडेल, ना जीएसटी नंबर. पुढची सगळी हातचलाखी त्या 'फुल सेट' या दोन शब्दांत बसली.

आधी चिलरचं सांगतो. मरीन माशांना पाणी साधारण २४ ते २७ अंशांत लागतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पंखा लावून पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण त्यात पाण्याची वाफ होते, मीठ मागंच राहतं आणि खारटपणा चढत जातो. रोज आरओचं गोडं पाणी घालून भरपाई करावी लागते. म्हणजे मोठ्या टाकीला चिलर ही इथं चैन नाही. त्यानं आणलेला 'इम्पोर्टेड' चिलर म्हणजे निळ्या रंगाचा पत्र्याचा डबा, त्यातून निघालेल्या दोन नळ्या आणि टाकीखालच्या सम्पमध्ये (पंप जिथून पाणी परत वर चढवतो त्या छोट्या टाकीत) सोडायची चंदेरी कॉइल. पाणी मात्र झकास गार व्हायचं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

मग क्लीनर श्रिंप (छोट्या कोळंब्या) मेले. पाठोपाठ गोगलगायी काचेवरून सुटून तळाला पडायला लागल्या. क्लाउन आणि डॅमसेल हे मासे मात्र टुणटुणीत, खाणंपिणं व्यवस्थित. माशांच्या घाणीतून होणारी विषं, म्हणजे अमोनिया, नायट्राइट तपासलं तर शून्य. सेटअपवाल्याचं उत्तर तयारच होतं: "श्रिंप नाजूकच असतात हो, नवीन आणून देतो." नवीन आणले, त्याचेही पैसे घेतले, तेही मेले.

उलगडा झाला तो फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मामांमुळे. कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होत होता म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी कॉइल बाहेर काढली, वळणाच्या जागी साचलेला हिरवट थर अंगठ्यानं पुसला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं एक ओरखडा मारला. चंदेरी मुलाम्याखाली लालसर रेघ उमटली. "दादा, ह्ये तांबं हाय की. वरनं पॉलिश मारल्यालं. आन् कॉम्प्रेसर वॉटर कूलरचा." मग तांब्याचं टेस्ट किट मागवलं. पहिल्याच तपासणीत नळीतल्या पाण्याला रंग चढला.

खाऱ्या पाण्यात तांबं झिजतं. विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी श्रिंप, गोगलगायी, प्रवाळ यांना ते मारक ठरतं. मासे त्याहून जास्त सोसतात. म्हणून तर माशांच्या अंगावरच्या परजीवींवर वेगळ्या टाकीत मोजून तांब्याचंच औषध देतात. नुसते मासे ठेवणाऱ्याला असला चिलर वर्षभर कळणार नाही, आणि सेटअपवाल्याचा हिशोब नेमका त्यावरच होता. त्यात तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि पुढं हळूहळू सुटत राहतं. पाण्यातलं तांबं कार्बननं आणि खास रेझिननं उतरवलं, पण दगड-वाळू सगळी टाकून द्यावी लागली. चिलर घेताना अंगावर कंपनीची पट्टी बघा: मॉडेल, व्होल्टेज, कुठला गॅस, किती हॉर्सपॉवर. आणि सम्पमध्ये सोडायची उघडी कॉइल असेल तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याच्या समोरच ओरखडा मारून बघा. नाक मुरडेल, मुरडू दे.

एक लबाडी सापडल्यावर बाकीचंही उलटंपालटं करून बघितलं. स्किमरवर 'एक हजार लिटरपर्यंत' असं स्टिकर होतं. नखानं उचकटलं तर खाली मूळचं: २५० लिटर. स्किमर म्हणजे मरीन टाकीचा मुख्य फिल्टर. बारीक बुडबुड्यांना माशांची घाण आणि उरलेल्या खाद्यातली प्रथिनं चिकटतात, फेस होऊन वरच्या कपात जमतात. कपात गडद तपकिरी, वास मारणारं पाणी यायला हवं. आमच्या कपात नुसतंच पांढुरकं पाणी. चांगल्या कंपन्या मासे कमी असतील तर किती लिटर आणि जास्त असतील तर किती, असे वेगवेगळे आकडे देतात. आपण त्यातला लहान आकडा धरायचा.

पंपाच्या बाबतीत त्याला पूर्ण चोर म्हणणार नाही. खोक्यावर ताशी ५००० लिटर छापलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं, पण तो आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. सम्पपासून टाकीच्या काठापर्यंतची उंची आणि पाइपची वळणं धरून दहा लिटरची बादली भरायला वीस सेकंद लागली, म्हणजे ताशी १८००. माहीत असून त्यानं सांगितलं नाही, इतकंच. सम्पमधून टाकीच्या तीन-पाच पट पाणी तासाला फिरलं तरी भागतं, आतली हालचाल वेव्हमेकरनं, म्हणजे टाकीत लाटा उठवणाऱ्या छोट्या पंपानं करता येते. हे सांगायला त्याला काय जात होतं? आणि लाइट गेली की टाकीतलं किती पाणी खाली सम्पमध्ये उतरेल याचा हिशोबच नव्हता. पहिल्याच भारनियमनात हॉलभर खारं पाणी.

मिठाचं प्रकरण मात्र बेरकी. मरीन सॉल्ट लिटरला ३५ ते ४० ग्रॅम लागतं, म्हणजे एवढ्या टाकीला वीस किलोच्या पुढं. त्यानं सुटं मीठ प्लास्टिकच्या बादलीत आणलं, "मोठ्या पॅकिंगमधून काढून दिलंय, स्वस्त पडतं." खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर १.०२५, म्हणजे समुद्राएवढं. पण ते यंत्र मीठ किती ते दाखवतं, कसलं ते नाही. खाण्याच्या मिठालाही तेच रीडिंग येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. आमच्या पाण्यात दोन्ही नावालाच. सीलबंद बादलीच घ्या आणि पहिलं पाणी कालवलं की कॅल्शियमची टेस्ट करा.

दगडांबद्दल एवढंच, की त्यात त्यानं प्रवाळाचे सांगाडे घातले होते, 'समुद्रातला ओरिजिनल माल' म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ संरक्षित आहे, मेलेला तुकडाही विकता किंवा बाळगता येत नाही. म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि वनखातं दारात आलं तर उत्तरंही आपणच द्यायची. असला माल कुणी आणला तर दारातूनच परत पाठवा.

आता तक्रारीचं. पक्कं बिल नाही म्हणून हात टेकू नका. मागूनही बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचं 'टायटॅनियम आहे दादा' हे त्याचं वाक्य, वहीचं पान, मामांनी लिहून दिलेला कागद, एवढं आमच्याकडे आहे. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची.

नोटीस गेल्यावर त्यानं "सर्व्हिसिंगला नेतो" म्हणून चिलर उचलायला टेम्पो पाठवला होता. दिला नाही. कॉइल भावाच्या घरी जपून ठेवली आहे. निळ्या पत्र्याचा, बिनपट्टीचा चिलर कुणी घेतला असेल तर आपली कॉइल हिच्याशी ताडून बघायला खुशाल या, आणि तुमच्याकडेही वहीचं पान असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. वकील म्हणतात, दोन-तीन तक्रारी एकत्र आल्या तर जोर येईल.