नराराची प्रवाळ-सहल: बडोद्याहून जायचे तर तिथी बघून

बडोद्यातून शनिवार-रविवार गाठून कच्छच्या आखातातल्या नराराला प्रवाळ बघायला निघणाऱ्या सहलींबद्दल सर्वांत आधी हे: वार बघून ठरवलेली सहल घेऊ नका, तिथी बघून ठरवलेली घ्या. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी खूप खोल जाते आणि प्रवाळ उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी पुरेसे हटत नाही; चिखल तुडवायचा, दोन-चार खेकडे बघायचे आणि परत. भरतीची वेळ काढायला तिथीला तीनने गुणून चारने भागायचा मुंबई-कोकणातला हिशेब कच्छच्या आखातात चालत नाही. ओखा किंवा वाडीनार बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक मागा, आणि ओहोटी उजेडात येते आहे ना तेही बघा. कोष्टक न दाखवता तारीख सांगणाऱ्याकडे पैसे भरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागा मात्र अप्रतिम. जामनगरपासून रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर, १९८२ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात. पोहता न येणाऱ्यालाही इथे जिवंत प्रवाळ बघता येतात, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी रात्रभराचा प्रवास सोसावा. ओळखपत्र जवळ ठेवा आणि स्थानिक मार्गदर्शक घ्याच. पायात नाडीचे कॅनव्हास बूट हवेत: चप्पल चिखलात रुतून बसते आणि अनवाणी पाय कालवांच्या कडांनी कापतात.

बहुतेक सहलींत उणीव राहते ती समजावून सांगण्यात. ऑक्टोपस, फुगणारा मासा दाखवतात, फोटो होतात, आणि प्रवाळ हा प्राणी असूनही त्याला 'रंगीत दगड' म्हणून पुढे जातात. चपट्या तळाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा सोबत न्या. तो डबक्याच्या पाण्यावर हलकेच टेकवला की लाटांची थरथर थांबते आणि तळ स्वच्छ दिसतो. गोलसर प्रवाळावर करंगळीच्या नखाएवढ्या वाट्या दिसतील: कडा तपकिरी, मध्यभाग बऱ्याचदा हिरवा. हिरवा रंग सहसा प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनाचा. तपकिरी रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा.

हे शैवाल मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढे. एका चौरस सेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात. ते उन्हात साखर तयार करते, आणि स्वच्छ पाण्यात प्रवाळाची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्यातून येऊ शकते. बदल्यात त्याला प्रवाळाकडून कर्बवायू आणि अमोनिया मिळतो. आखाताचे पाणी गढूळ, ऊन कमी पोचते. अशा ठिकाणी प्रवाळाला स्पर्शिकांनी सूक्ष्मजीव पकडून खाण्यावर जास्त भर द्यावा लागतो.

बिघडते ते उष्णतेने. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एका अंशाने वर गेले आणि तसेच महिनाभर राहिले, तर शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन-संयुगे साठतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. मग उरतो तो पांढरा रंग; यालाच विरंजन म्हणतात. पण पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, आणि हा फरक मार्गदर्शकाला आवर्जून विचारा. विरंजित प्रवाळावर काचेसारखा पातळ, बुळबुळीत मांसल थर अजून असतो. मेलेल्यावर तो नसतो; थोड्याच दिवसांत सांगाड्यावर हिरवट शेवाळ आणि गाळ बसतो. पाणी वेळेत निवले तर पहिला सावरू शकतो.

काही प्रवाळ एकाच वेळी दोन-तीन जातींचे शैवाल बाळगतात, आणि उष्णतेनंतर त्यांचे प्रमाण बदलते. ड्युरुस्डिनियम या गटातले काही शैवाल ताप सोसते, पण बऱ्याचदा साखर कमी देते, म्हणून प्रवाळाची वाढ मंदावते. इराणच्या आखातात ३४-३५ अंशांच्या उन्हाळ्यात टिकणाऱ्या प्रवाळांत क्लॅडोकोपियम गटातल्या शैवालाची वेगळीच जात सापडली. या जुळवून घेण्यालाही मर्यादा आहेत: एप्रिल २०२४ मध्ये जगभरातले चौथे मोठे विरंजन जाहीर झाले.

गालिच्यासारखे पसरलेले, बटणांसारखे मऊ झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे नात्यातले प्राणी, बरेच जण प्रवाळ समजून चाचपतात. हात लावू नका. त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. प्रवाळाचा मेलेला तुकडाही खिशात घालू नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

बडोद्याच्या आयोजकांनी आणखी एक सांगायला हवे. पलीकडचे ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा परिसर, बडोदे संस्थानात होते, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ चा. आपल्या गावाचे या किनाऱ्याशी इतके जुने नाते आहे.

वेळेचा हिशेब असा: ओहोटीच्या तळाच्या दीड तास आधी चालायला लागा, पाणी तळाला गेले की अर्ध्या तासात पाठ फिरवा. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येताना दिसत नाही. ती आधी मागच्या खोलगट वाटा भरते.