१.३ डिझेल, आठ महिन्यांनंतर: ऑइलमध्ये काटकसर करू नका

आठ महिन्यांपूर्वी खानापूरहून २०१३ ची डिझेल गाडी घेतली. बिल्ला कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण बोनेटखाली फियाटचं तेच १२४८ सीसी मल्टिजेट आहे, जे स्विफ्टमध्ये होतं, व्हिस्टात होतं आणि पुंटोतही होतं. युरोपातलं हे इंजिन आपल्याकडे मानेसर आणि रांजणगावला बनायचं. २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि मारुतीने ते बंद केलं. पण रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की बेळगावात पार्टसाठी कधी अडलं नाही.

पहिले दोन महिने मी पस्तावलो होतो. आंबोली घाट चढताना वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये राहिलो की दोन हजार आरपीएमच्या खाली जीवच नाही. आता वळणाआधीच दुसरा टाकतो, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) जागा राहतो, तक्रार संपली. हायवेला टाकी ते टाकी लिटरला २२ किलोमीटर, गावात १७. एवढं मला पुरेसं आहे.

खरा त्रास पावसाळ्यात सुरू झाला. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद कर्रर्र आवाज. गॅरेजवाला म्हणाला, "मामा, इंजिन उघडायलाच पायजे बघा." खर्च सांगितला सत्तर हजार. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वीस वर्षं मशीनवर काढलीत, न बघता इंजिन उघडू देणार नव्हतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, त्याच्यासमोर काढली. टोकाला जेमतेम ओल, काळी, बोटांत चोळली तर पाण्यासारखी. या इंजिनात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर ताण धरतो. ऑइलच नाही तर चेन सैल वाजणारच! आमची चांगलीच जुंपली, शेवटी गाडी घेऊन निघालो.

घरी ५W-३० ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकला. तीन लिटरच्या आसपासच तर लागतं. दुसऱ्या दिवशी आवाज निम्म्यावर, आठवड्यात गेला. चेन ताणलेली असती तर असा गेला नसता. आधीच्या मालकाने वर्षभर ऑइलला हात लावला नव्हता, आणि मीही घेतल्यावर लगेच बदललं नाही, ती माझी चूक. आता दर रविवारी डिपस्टिक बघतो आणि दर साडेसात हजार किलोमीटरला ऑइल बदलतो.

हे इंजिन घेणार असाल तर भल्या सकाळी बघायला जा. आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर पहिल्या स्टार्टचा आवाज ऐकू येणार नाही, मालकाला काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी न सांगता परत जा.