घरासाठी स्वस्त नॅस : दोन डिस्कचा डबा, एका डिस्कचा, की घरातलाच जुना पीसी?

गेल्या महिन्यात म्हापशाहून चुलत भावाचा फोन आला. "दादा, हिचा फोन भरला, माझा भरला, लॅपटॉप तर केव्हाचाच भरलाय. घरात एक नॅस ठेवतो म्हणतो. कुठला घेऊ?" नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, ज्यावर घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप आपल्या फाइली ठेवू शकतात. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा बंद झाली आणि सगळं १५ जीबीत बसवायची वेळ आली. तेव्हापासून हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी माझं मत कशातून बनलं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी फोंड्याच्या आमच्या घराजवळ वीज पडली. राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि टेबलावरची हार्ड डिस्क, तिन्ही एका झटक्यात गेली. डिस्कचा अडॅप्टर हातात घेतला तर एका बाजूने वितळला होता, जळका वास दोन दिवस खोलीतून गेला नाही. त्या डिस्कवर बाबांच्या भजनी मंडळाची अकरा वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. दुसरी प्रत नव्हती.

म्हणून दुकानदार जेव्हा 'टू-बे घ्या, एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं' असं सांगतो, तेव्हा ते अर्धंच खरं असतं. टू-बे म्हणजे दोन डिस्कचा डबा, आणि दुकानदार सांगतो ती सोय म्हणजे रेड १ : दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं. ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या तरी जागा ४ टीबीच मिळते. एक डिस्क झिजून गेली तर काम थांबत नाही, हा फायदा खरा आहे. पण चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. आणि दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच अडॅप्टरवर असतात. आमच्या घराजवळ पडली तशी वीज पडली तर दोन्ही जाऊ शकतात.

आता पर्याय बघू. सगळ्यात स्वस्त म्हणजे राउटरच्या यूएसबीला हार्ड डिस्क लावणं. राउटरला ती सोय असेल तर खर्च शून्य. पण वेग रडतखडत, फोनमधून फोटो आपोआप चढवायची सोय जवळपास नाहीच. टीव्हीवर सिनेमे बघण्यापुरतं ठीक, घरच्या फोटोंसाठी नको.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा संगणक ज्याला शिकायची हौस आहे त्याच्यासाठी उत्तम. ओपनमीडियाव्हॉल्ट हे संगणकाचा नॅस करणारं मोफत सॉफ्टवेअर त्यावर छान चालतं, वीज कमी लागते. अडचण दोन ठिकाणी येते. रास्पबेरी पाय ५ या मॉडेलला ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर यूएसबीला मिळणारा प्रवाह मर्यादित राहतो आणि डिस्कची जोडणी मधूनच तुटते. शिवाय सगळी सिस्टीम एसडी कार्डवर असते. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट गेली की ते कार्ड कधी खराब होईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

जुना डेस्कटॉप घरात पडून असेल तर मोह होतो, आणि ताकदीच्या बाबतीत तो तयार नॅसपेक्षा सरसच ठरतो. ट्रूनॅस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घालायचं तर किमान ८ जीबी रॅम हवी, ओपनमीडियाव्हॉल्ट त्याहून कमीत भागवतं. पण विजेचा हिशेब करा. ५० वॅट खाणारा पीसी चोवीस तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात, १५ वॅटच्या नॅसला सुमारे ११. शिवाय पंख्यातून खारट, दमट हवा दिवसरात्र आत ओढली जाते. किनाऱ्याजवळच्या घरात जुन्या पीसीच्या मदरबोर्डवर हिरवट पूड मी स्वतः पाहिली आहे.

राहिले तयार डबे, आणि बहुतेक घरांनी यातूनच निवडावं असं मला वाटतं. सिनॉलॉजी डीएस२२३जे आणि क्यूनॅप टीएस-२३३ हे दोन्ही दोन डिस्कचे, एका गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) नेटवर्क पोर्टचे. कागदावर क्यूनॅप पुढे आहे : २ जीबी रॅम आणि २ गिगाहर्ट्झचा चार कोरचा प्रोसेसर. सिनॉलॉजीत १ जीबी रॅम आणि १.७ गिगाहर्ट्झ. दोन्हींत रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे हा फरक कायमचा. क्यूनॅपच्या डिस्क पुढून ट्रेसकट ओढून काढता येतात, सिनॉलॉजीचा डबा स्क्रू काढून उघडावा लागतो. तरीही ज्या घरात संगणकात रमणारं कोणी नाही तिथे मी सिनॉलॉजीच सुचवतो, कारण त्याची सिस्टीम आणि फोटोंचं अ‍ॅप आईबाबांच्याही हातात सहज बसतं. पाच वर्षं ज्याला वापरायचं आहे त्याला रोजचा सरळपणा रॅमपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सुरक्षेचं मात्र दोन्हीकडे सारखंच. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप डबे कुलूपबंद करून खंडणी मागितली. २०१४ मध्ये सिनोलॉकर या तशाच व्हायरसने सिनॉलॉजीवाल्यांचं तेच केलं होतं. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडून नॅस बाहेर दाखवू नका. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटच्या (एकच इंटरनेट पत्ता अनेक घरांत वाटायची कंपनीची पद्धत) मागे असल्याने ते चालत नाही. बाहेरून पाहायचंच असेल तर टेलस्केल हे आपल्याच उपकरणांना सुरक्षित जोडणारं अ‍ॅप घाला, घरगुती वापराला मोफत आहे.

आणि आता माझी खरी शिफारस. पैसे मोजके असतील तर टू-बे घेऊच नका. सिनॉलॉजी डीएस१२४ हा एका डिस्कचा डबा घ्या. त्यात प्रोसेसर आणि रॅम डीएस२२३जेसारखीच आहे. दुसऱ्या डिस्कचे वाचलेले पैसे यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कवर घाला. ती नॅसला जोडून पूर्ण प्रत घ्या आणि दुसऱ्या गावी ठेवा. नॅसमधली डिस्क गेली तर एक-दोन दिवस काम अडेल, पण फोटो जाणार नाहीत. छोट्या ऑफिसला एक दिवसही थांबणं परवडत नसेल तर टू-बे घ्यावा. घरातल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरतीचे व्हिडिओ दोन दिवस उशिरा दिसले तर चालतं.

आतली डिस्क घेताना खोक्यावरचं नाव नीट वाचा. २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या 'रेड' या नावाच्या (वरच्या रेड १शी याचा संबंध नाही) काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एकसारखं खूप लिहायला लागलं की वेग कोसळतो. रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ घ्या, त्या सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, आहेत.

खरेदीआधी राउटरचं लॅन पोर्टही तपासा. गिगाबिट असेल तर वायरने २०० जीबी अर्ध्या तासात चढतं. १०० एमबीपीएसचं असेल तर तेवढ्यालाच पाच तास, मग नॅस कितीही चांगला घ्या.

यूपीएस हवाच, तोही यूएसबी केबलवाला. ती केबल नॅसला जोडली की बॅटरी संपत आल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. जागा हवेशीर निवडा, बाहेरच्या भिंतीला चिकटून नको. पावसाळ्यात लाल चिऱ्याच्या भिंती ओल धरतात. चालू नॅस आतून थोडा उबदार राहतो म्हणून ओल त्याला कमी त्रास देते. कपाटात ठेवलेल्या सुट्या डिस्कला ती जास्त बाधते, म्हणून ती डिस्क झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला.

भावाने शेवटी एका डिस्कचाच घेतला. त्याची बाहेरची डिस्क साखळीला आमच्या आत्याकडे असते. चवथीला जाताना तो नवी प्रत घेऊन जाणार आहे आणि जुनी परत आणणार आहे.